अहमदाबादचा गिरणी-तंटा आणि वाटाघाटीची कला

मालक आणि कामगार यांच्यांत वेतनाविषयीं बोलणीं सुरू झालीं, कीं दोन चुका हटकून होतात. एक पक्ष सुचेल तितकें मागतो. दुसरा शक्य असेल त्याहून कमी देऊं करतो. मग न्याय्य काय हा प्रश्न बाजूला राहून, माघार कोण घेतो एवढेंच पाहिलें जातें. या चुका कशा टाळाव्या, आणि त्या टाळूनहि बोलणीं कोठें अडतात, हें अहमदाबाद येथील १९१८ सालच्या गिरणी-तंट्यांत फार स्पष्ट दिसतें.

अहमदाबाद हें त्या वेळीं मुंबई इलाख्यांतील कापडधंद्याचें मोठें ठाणें होतें. १९१७ सालीं तेथें प्लेगची साथ आली. कामगारांनीं शहर सोडून जाऊं नये म्हणून मालकांनीं विणकरांना ‘प्लेग बोनस’ दिला. कांहींच्या बाबतींत तो वेतनाच्या शेंकडा ७० ते ८० पर्यंत होता. साथ ओसरतांच तो बंद करण्याचें ठरलें. कारण संपलें, बोनसहि संपला, हें मालकांचें म्हणणें तर्काला सोडून नव्हतें. परंतु महायुद्धामुळें चढलेले भाव प्लेगबरोबर उतरले नव्हते. कामगारांनीं शेंकडा ५० महागाईभत्ता मागितला.

येथें गांधीजी मध्यें पडले. मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई हे त्यांचे स्नेही. आणि कामगारांच्या कैवारी अनसूयाबेन या अंबालालांच्याच भगिनी. फेब्रुवारींत लवाद नेमला गेला. कामगारांतर्फे गांधीजी, वल्लभभाई पटेल आणि शंकरलाल बँकर, मालकांतर्फे तिघे, आणि कलेक्टर हे सरपंच. पण लवादाचें काम सुरू होण्यापूर्वींच कांहीं कामगारांनीं संप केला. करार मोडला असें म्हणून मालकांनीं शेंकडा २० वाढ देऊं केली, आणि ती न स्वीकारणाऱ्यांसाठीं २२ फेब्रुवारीपासून टाळेबंदी पुकारली.

यानंतर गांधीजींनीं जें केलें तें वाटाघाटीचें पहिलें अंग होय. घोषणा करण्यापूर्वीं त्यांनीं हिशेब केला. इतर ठिकाणचें वेतन, वाढलेली महागाई आणि धंद्याची स्थिति तपासून त्यांनीं शेंकडा ३५ हा आंकडा ठरविला, आणि आपल्याच पक्षाला ५० वरून खालीं आणलें. प्रतिपक्षाकडून सवलत मागण्याहून स्वपक्षाची मागणी उतरविणें अधिक कठीण असतें. पण त्यामुळेंच ३५ वर ठाम राहण्याचा अधिकार त्यांना मिळाला. कामगारांनीं तशी प्रतिज्ञा घेतली. साबरमतीच्या काठीं बाभळीखालीं रोज सभा भरे आणि पत्रकें वाटलीं जात. शिवीगाळ नको, दंगा नको, ही शिकवण त्यांत होती.

१२ मार्चला, २० टक्के मान्य असणाऱ्यांसाठीं गिरण्या उघडल्या. उपाशी कामगार डगमगूं लागले. पुढाऱ्यांना खाण्यापिण्याची ददात नाहीं, मरण आमचें, असे बोल गांधीजींच्या कानीं आले. १५ मार्चला त्यांनीं उपोषण आरंभिलें, आणि १८ मार्चला तडजोड झाली. ती अशी: पहिल्या दिवशीं ३५ टक्के, म्हणजे कामगारांची प्रतिज्ञा राहिली, दुसऱ्या दिवशीं २० टक्के, म्हणजे मालकांचाहि शब्द राहिला, तिसऱ्या दिवसापासून, आनंदशंकर ध्रुव यांचा निवाडा होईपर्यंत, मधला २७॥ टक्के. ध्रुवांनीं ऑगस्टमध्यें ३५ टक्के हाच आंकडा न्याय्य ठरविला.

ही तीन दिवसांची योजना पोरखेळासारखी वाटेल. तसें नाहीं. भांडण लांबतें तेव्हां पैशाहून मानाचा प्रश्न मोठा होतो. आणि दोघांनाहि मान वर ठेवून परत फिरतां येईल अशी वाट काढणें हें वाटाघाटीचें दुसरें अंग होय.

तथापि या यशाला एक डाग आहे, आणि तो गांधीजींनींच आत्मचरित्रांत कबूल केला आहे. उपोषण कामगारांना धीर देण्यासाठीं होतें. पण मालक स्नेही असल्यामुळें त्याचें दडपण त्यांच्यावर पडलेंच. ज्या क्षणीं एकाचा प्राण पणाला लागला, त्या क्षणीं हिशेबावरचा वाद थांबला. ३५ टक्के न्याय्य होते हें पुढें निवाड्यानें ठरलें. पण १८ मार्चला मालक नमले ते हिशेब पटून कीं स्नेहापोटीं, हें निःशंकपणें सांगतां येत नाहीं.

१९२० सालीं अहमदाबादेस मजूर महाजन संघ स्थापन झाला आणि तंटे लवादाकडे नेण्याची प्रथा तेथें रुजली. कोणाला उपाशी राहावें न लागतां निवाडा व्हावा, ही १९१८ सालीं अपुरी राहिलेली गोष्ट पुरी करण्याचाच तो यत्न होता.