हार्ड डिस्कची वाटणी
कर्जतमध्ये सातबारा समजावून सांगायला नको. भावांची वाटणी झाली की नोंद बदलते, माती जागची हलत नाही. डिस्कचंही तसंच आहे. 1983 साली आयबीएम पीसी एक्सटी 10 एमबीची डिस्क घेऊन आला. वाटणीची नोंद पहिल्याच सेक्टरमध्ये, 64 बाइटांत, फार तर चार हिस्से! (ही वही साधारण 2 टीबीपर्यंतच मोजते, मोठ्या डिस्कला म्हणून जीपीटी.) पण एफडिस्कमध्ये हिस्सा लहान करायचा तर तो आधी काढून टाकावा लागे, म्हणजे आतलं सगळं गेलं. नव्वदच्या दशकात ‘फिप्स’ आलं. डीफ्रॅगने फाइली एका बाजूला घ्यायच्या, मग मोकळ्या टोकाला बांध घालायचा. आम्हाला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आज विंडोजचं ‘श्रिंक व्हॉल्यूम’ तोच पाळतं. तरी बॅकअप आधी घ्यावा. मध्येच वीज गेली, तर इथे फेरफार दुरुस्त करायला तलाठी नाही.