हे कोणी लिहिलंय?



गेल्या रविवारी सकाळी नातीचा फोन आला. ती पुण्यात प्रोग्रॅमर आहे, नोकरीला लागून जेमतेम दीड वर्ष झालंय. एरवी "आजोबा, चहा झाला का?" अशी सुरुवात असते. या वेळी थेट गाऱ्हाणंच. "आजोबा, एक जुनं काम माझ्या गळ्यात मारलंय. चार हजार ओळी आहेत आणि कशाचा कशाला मेळ नाही. ज्याने हे लिहिलंय ना, त्याला समोर उभं करून विचारावंसं वाटतं, की बाबा रे, लिहिताना तू शुद्धीवर होतास का?"

मला हसूच आलं. हेच वाक्य, थोड्या वेगळ्या शब्दांत, मी तिच्या वडिलांच्या तोंडून १९९८ साली ऐकलं होतं!

आता माझं सांगायचं तर मी इतिहास आणि मराठी घेऊन बी.ए. झालेला शाळामास्तर. कॉम्प्युटर येतो तो हे चार शब्द टाइप करण्यापुरता. पण बाप आणि लेक पंचवीस वर्षांच्या अंतराने एकच तक्रार करतात म्हटल्यावर तिला काहीतरी इतिहास असणार, एवढं माझ्या लक्षात आलं. चिरंजिवांना विचारून, थोडं वाचून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

प्रोग्रॅम म्हणजे यंत्राला दिलेल्या सूचनांची यादी. ती यंत्राच्या नियमात बसली की झालं. अक्षर गिचमिड आहे, नावं विचित्र आहेत, एकच गोष्ट दहा ठिकाणी लिहिली आहे, याचं यंत्राला काही सुखदुःख नाही. त्रास होतो तो पुढे ती यादी वाचून त्यात बदल करणाऱ्या माणसाला. नातीच्या सगळ्या रागाचं मूळ एवढंच आहे.

चिरंजीव तेव्हा अंधेरीला सीप्झमध्ये नोकरीला होते. ते दिवस 'वाय-टू-के'चे. परदेशातल्या एका विमा कंपनीचे जुने प्रोग्रॅम त्यांच्या गटाकडे आले होते, कोबोल या भाषेतले. गंमत पाहा, १९५९ साली ही भाषा ठरवली तेव्हा हेतूच असा होता की प्रोग्रॅम साध्या इंग्रजीसारखा वाचता यावा. पण भाषा सोपी असली म्हणून लिहिणारा सोपं लिहितोच असं नाही, हे मराठीच्या मास्तराला वेगळं सांगायला नको! तारीख कुठे कुठे वापरली आहे ते शोधून वर्षाचे दोन आकडे चाराचे करायचे, असं काम. पण तारखेच्या रकान्याला कोणी 'एक्स-१' नाव दिलेलं, कोणी आणखी काही. लिहिणारे केव्हाच निवृत्त झालेले. चिरंजीव रात्री बाराला घरी यायचे आणि जेवताना त्या कधी न पाहिलेल्या माणसांचा उद्धार करायचे.

दोन आकड्यांची चूक त्या माणसांनी मूर्खपणाने केली होती का? तर नाही. त्या काळी माहिती पुठ्ठ्याच्या कार्डावर भोकं पाडून भरत. एका कार्डावर ८० रकाने. त्यात नाव, पत्ता, रक्कम, तारीख सगळं बसवायचं. यंत्राची स्मरणशक्तीही भयंकर महाग. '१९६६' ऐवजी '६६' लिहिलं की दोन घरं वाचली. आणि आपण लिहिलेलं तीस-पस्तीस वर्षं चालू राहील असं कोणाच्या मनातही नव्हतं.

इथे मला आमचे पेशवाईतले कारकून आठवले. त्या काळच्या कितीतरी मोडी पत्रांवर तिथी असते, वार असतो, महिना असतो, आणि वर्ष नसतं! ज्याला पत्र जायचं त्याला वर्ष ठाऊकच होतं, मग लिहायचं कशाला? पुढे राजवाड्यांसारख्या संशोधकांना तिथी-वाराचा मेळ घालून, जंत्र्या चाळून, मजकुरातले संदर्भ जुळवून एकेका पत्राचं साल ठरवावं लागलं. सीप्झमधली पोरं कोबोल वाचत होती ती याच जातीचं काम करत होती. लिहिणाऱ्याला जे सांगायची गरज वाटली नाही, नेमकं तेच वाचणाऱ्याला हवं होतं.

३१ डिसेंबर १९९९ची रात्र चिरंजिवांनी ऑफिसातच काढली. फारसं कुठे काही बिघडलं नाही. मग लोक म्हणू लागले, उगाच बाऊ केला होता! पूल पडला नाही म्हणून डागडुजी करणाऱ्याला वेड्यात काढावं, तसं. असो.

ही रड मात्र वाय-टू-केपेक्षा जुनी निघाली. मार्च १९६८ मध्ये डाइक्स्ट्रा नावाच्या डच संगणकशास्त्रज्ञाचं एक पत्र एका नियतकालिकात छापून आलं. त्याचा राग होता 'गो टू' या आज्ञेवर. म्हणजे वाचता वाचता 'आता अमुक ओळीवर उडी मारा', तिथून पुन्हा दुसरीकडे उडी. कल्पना करा, कादंबरीच्या पाचव्या पानावरून नव्वदाव्या पानावर, तिथून बाराव्यावर. यंत्र बिनतक्रार उड्या मारतं, माणसाचं डोकं मात्र फिरतं. हे पत्र चांगलंच गाजलं आणि त्यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालले.

त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीतल्या गार्मिश या गावी 'नाटो'च्या पुढाकाराने पन्नासेक जाणकार जमले. विषय काय, तर प्रोग्रॅम वेळेवर होत नाहीत, खर्च हाताबाहेर जातो, आणि झालेल्यावर भरवसा ठेवता येत नाही. या दुखण्याला त्यांनी 'सॉफ्टवेअरचं संकट' असं नाव दिलं. माझी नात जे फोनवर म्हणाली ते हे मोठमोठे लोक तिच्या जन्माआधी तीसेक वर्षं म्हणत होते.

मग दोष नुसता अक्षराचा की माणसांच्या एकत्र कामाचाही? याचं उत्तर फ्रेड ब्रुक्स या गृहस्थांनी दिलं. आयबीएमने १९६४ साली 'सिस्टिम ३६०' ही संगणकांची मालिका जाहीर केली. ती चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची जबाबदारी ब्रुक्सवर होती. काम लांबलं, तशी माणसं वाढवली, इतकी की एका टप्प्यावर हजाराच्या वर माणसं त्या कामावर होती. तरी लांबतच गेलं. १९७५ साली त्यांनी या अनुभवावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की आधीच रखडलेल्या कामावर नवी माणसं आणली तर ते आणखी रखडतं. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो, आणि एकमेकांशी बोलण्याचं काम वाढतं ते वेगळंच.

हा हिशेब मी वहीत करून पाहिला. तीन माणसं असली तर बोलणाऱ्या जोड्या तीन. दहा माणसं, जोड्या ४५. पन्नास माणसं, जोड्या १२२५! आमच्या स्टाफरूममध्ये बावीस शिक्षक होते, म्हणजे २३१ जोड्या. त्यातल्या निम्म्या एकमेकांशी नीट बोलत नसत. शाळा तरी कशी चालायची, आता नवल वाटतं.

बोलणं नीट झालं नाही की काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण मंगळावरचं आहे. डिसेंबर १९९८ मध्ये अमेरिकेने मंगळाकडे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान सोडलं. ते मंगळाच्या पृष्ठभागापासून सुमारे २२६ किलोमीटर उंचीवरून जायचं होतं. २३ सप्टेंबर १९९९ला ते मंगळामागे गेलं ते परत बाहेर आलंच नाही. मागाहून हिशेब केला तेव्हा दिसलं, की यान सुमारे ५७ किलोमीटर इतकं खाली गेलं असणार. कारण? जमिनीवरच्या एका प्रोग्रॅमने जोराचे आकडे पौंडाच्या मापात दिले आणि दुसऱ्या गटाने ते न्यूटनच्या मापातले समजून वापरले. दोन्हींत जवळजवळ साडेचार पटींचा फरक. शाळेत आम्ही मुलांना ओरडायचो, "एकक लिहा रे, एकक लिहिल्याशिवाय गुण नाहीत!"

पण मला चटका लागला तो पुढच्या गोष्टीचा. वाटेत असतानाच काही जणांना शंका आली होती की आकडे जुळत नाहीत. त्यांनी ती बोलून दाखवली, कळवलीही. पण ठरलेल्या रीतीने तिची नोंद झाली नाही आणि कोणी ती शेवटापर्यंत नेली नाही. चौकशीत हे सगळं बाहेर आलं. चूक एका ओळीची होती, पण ती नऊ महिने टिकली ती माणसांमुळे.

यावरचा उपायही जुनाच आहे. १९७१ साली जेराल्ड वाइनबर्ग यांनी प्रोग्रॅमरांच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिलं. त्यांचा सल्ला असा, की आपलं लेखन म्हणजे आपण स्वतः असं समजू नका. ते सहकाऱ्याला वाचायला द्या, त्याने चूक काढली तर राग मानू नका. किती साधं! आणि किती कठीण!

कठीण का, ते मी स्वतःवरूनच सांगतो. शाळेचं वेळापत्रक सोळा वर्षं मी करत असे. चौदा तुकड्या, बावीस शिक्षक, एक प्रयोगशाळा. मोठ्या तक्त्यावर पेन्सिलीच्या खुणा असायच्या. लाल टिंब म्हणजे हे सर एस.टी.ने येतात, पहिला तास देऊ नये. त्रिकोण म्हणजे या दोघांना प्रयोगशाळा एका दिवशी नको. अशा बऱ्याच. पण कोणत्या खुणेचा अर्थ काय, हे मी कुठेही लिहून ठेवलं नाही. २००८ साली निवृत्त झालो आणि तो तक्ता एका तरुण बाईंच्या हातात देऊन घरी आलो.

जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात गोंधळ झाला. एस.टी.ने येणाऱ्या सरांना पहिला तास, वर्ग मोकळा, पोरांचा दंगा. एकाच शिक्षकाला एका वेळी दोन तुकड्या. बाईंना सगळ्यांदेखत बोलणी बसली. मला हे बाजारात कळलं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं! घरी येऊन म्हणालो, "आता कळेल त्यांना, माझ्यावाचून किती अडतं ते." सौ. भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, मग खुणा समजावून का नाही आलात?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

तर नातीला मी एवढंच म्हटलं, "कोणी लिहिलंय ते शोध, पण भांडायला जाऊ नकोस." त्यांच्याकडे 'गिट' नावाची सोय आहे, २००५ सालापासूनची. कोणती ओळ कोणी, कधी लिहिली ते त्यात दिसतं. त्या आज्ञेचं नावच 'ब्लेम', म्हणजे दोष द्या!

बुधवारी तिचा पुन्हा फोन. आवाज नरम. "आजोबा, ते माझ्या शेजारी बसणाऱ्या दादाने लिहिलंय. मला सगळं शिकवतो तोच. वेळ बघितली, पहाटेचे पावणेतीन. विचारलं तर म्हणाला, सकाळी गिऱ्हाइकाला द्यायचं होतं गं, नंतर नीट करू म्हटलं. ते नंतर कधी आलंच नाही." आता दोघं मिळून रोज एक तास ते नीट लावतायत. आणि जिथे ओळ विचित्र आहे तिथे का विचित्र आहे, हे ती वर लिहून ठेवते.

फोन ठेवला आणि मी त्या बाईंचा नंबर शोधून लावला. इतक्या वर्षांनी. त्या आता पर्यवेक्षक आहेत. मी वेळापत्रकाचा विषय काढला, माझं चुकलं म्हणालो. त्या हसल्या. "सर, तेव्हा मनातल्या मनात तुम्हाला फार बोलले हो मी. पण त्याच वर्षी वहीच्या पहिल्या पानावर सगळ्या खुणांचा तक्ता लिहून ठेवला. तुमच्या लाल टिंबासकट. अजून तोच चालतो."

तुमच्याही हातून असं एखादं लाल टिंब मागे राहिलं असेल तर जरूर कळवा. नातीला वाचून दाखवेन.