सरकारी वकील, कुळाच्या बाजूने

दख्खनच्या दंग्यांचा विषय निघाला की जळालेल्या कर्जरोख्यांची गोष्ट हमखास सांगितली जाते. मला मात्र त्या गोष्टीत उशिरा आलेले एक पात्र महत्त्वाचे वाटते : सरकारी वकील.

शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी कालूराम सावकाराने बाबासाहेब देशमुखांवर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांच्या घरावर टाच आणली. डिसेंबर १८७४ मध्ये गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला दंगा पेटला. आजचा दौंडचा मुलूख तेव्हा भीमथडीतच मोडत असे. लोकांचा रोख रोख्यांवर आणि हुकूमनाम्यांवर होता, कारण त्या कागदांमागे कोर्ट उभे होते. कुळ कोर्टात हजर होत नसे, वकील देण्याची त्याची ऐपत नसे, आणि निकाल एकतर्फी लागे.

चौकशी आयोगानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांना लागू झाला. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणे त्याने बंद केले. कर्जाची मुळापासून चौकशी करण्याचे काम न्यायाधीशावर सोपवले. लहान दाव्यांत वकिलांना मज्जाव केला. आणि जिथे सावकाराकडून वकील उभा राहील, पण शेतकऱ्याची ऐपत नसेल, तिथे शेतकऱ्याच्या संमतीने सरकारी वकिलाला त्याच्या बाजूने उभे करण्याची मुभा न्यायाधीशाला दिली.

त्या काळी सरकारी वकिलाचा मान मोठा होता. दापोलीजवळच्या मुरुडला १८३३ मध्ये जन्मलेले रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक हे मुंबई हायकोर्टातले सरकारी वकील. १८६४ मध्ये त्यांनी 'नेटिव्ह ओपिनियन' काढले. १८८० मध्ये व्यवहारमयूख व याज्ञवल्क्यस्मृतीवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अशा अधिकाराचे पद सरकारची बाजू मांडण्यासाठी होते. कायद्याने तेच पद, निदान कागदावर, कर्ड्याच्या कुळाच्या शेजारी आणून उभे केले.

अर्थात ती मुभा होती, सक्ती नव्हती. सरकारी वकील दिलाच पाहिजे असे कायदा म्हणत नव्हता. देता येईल, एवढेच म्हणत होता. मोफत कायदेशीर मदतीचे तत्त्व आपल्या राज्यघटनेत ३९-अ या कलमाने १९७६ मध्ये आले. त्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधीचा हा ओझरता नमुना आहे. तो कुणा उदार साहेबाच्या मनात उगवला नाही. शिरूर-भीमथडीच्या शेतकऱ्यांनी कागद जाळले, म्हणून तो कायद्याच्या कागदावर उतरला.