छपरावरचा मिशनरी

डहाणू लोकलने पालघर सोडलं, उमरोळी मागे पडलं, की बोईसर येईपर्यंत खिडकीतून छपरांचे दोन जमाने दिसतात. एमआयडीसीच्या बाजूला पत्र्याच्या शेड आणि त्यांच्या अलीकडे, झाडांत दडलेली लाल कौलांची घरं. चिंचणी-तारापूरच्या जुन्या वस्तीत तर अशी घरं अजून बरीच आहेत. त्या सपाट, खाचा असलेल्या कौलाला आपल्याकडे एकच नाव आहे: मंगळुरी कौल. कुठल्याही गावच्या भट्टीत भाजलेलं असो, नाव मंगळुरीच.

मंगळुरात या कौलाचा पहिला कारखाना 1865 साली सुरू झाला. तो कुणा व्यापाऱ्याने काढला नव्हता, धर्मप्रचारासाठी आलेल्या मिशनऱ्यांनी काढला होता. त्यांना कारखाना का काढावा लागला, हा भाग मला कौलापेक्षाही रंजक वाटतो.

बाझल मिशन ही स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातली संस्था, 1815 सालची. तिचे बरेचसे मिशनरी दक्षिण जर्मनीतल्या शेतकरी आणि कारागीर घरांतले. 1833च्या चार्टर कायद्याने ब्रिटिश नसलेल्या मिशनऱ्यांनाही हिंदुस्थानात यायची वाट मोकळी झाली आणि पुढच्याच वर्षी हेबिश, लेनर आणि ग्राइनर हे तिघे मंगळुरात पोचले. थोड्याच वर्षांत त्यांची माणसं धारवाड-हुबळीला, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातही पोचली.

प्रवचन देणं सोपं होतं. अडचण बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू व्हायची. धर्म बदललेल्या माणसाला घरचे बाहेर काढत, जातवाले पाणी तोडत, जमीनदार कुळाची जमीन काढून घेई. त्या भागात मिशनकडे आलेल्यांत बिल्लव समाजातली माणसं बरीच होती. ताडी काढणं हा त्यांचा एक पिढीजात धंदा. डहाणू-केळव्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला ताडीवर घर कसं चालतं हे वेगळं सांगायला नको. पण दारू-ताडीचा धंदा मिशनला चालत नव्हता. म्हणजे एका हाताने बाप्तिस्मा द्यायचा आणि त्याच वेळी त्या माणसाची उरलीसुरली भाकरी काढून घ्यायची. ही भाकरी परत कुठून आणायची, हा प्रश्न बायबलातून सुटणारा नव्हता.

मग प्रयोग सुरू झाले. छापखाना झाला, सुतारकाम झालं, घड्याळं दुरुस्त करायचं काम शिकवून पाहिलं. विणकाम बऱ्यापैकी चाललं. 1851च्या सुमारास आलेल्या हालर नावाच्या विणकराने काजूच्या टरफलापासून खाकी रंग शोधला, असं मंगळुराकडे अभिमानाने सांगतात. (खाकी कपडे त्याआधीच वायव्य सरहद्दीवरच्या गाइड्स पलटणीने घातले होते, त्यामुळे सगळं श्रेय हालरला देऊ नये.) 1859मध्ये बाझलला स्वतंत्र व्यापारी कंपनी उभी राहिली. नफ्यातून भागधारकांना मर्यादित लाभांश द्यायचा आणि बाकीचा पैसा मिशनच्या कामाला, अशी तिची रचना होती. आज ज्याला सोशल एंटरप्राइज म्हणून पिच डेकमध्ये मिरवतात, त्याच्या बरीच जवळची.

धंदा खरा लागला तो मातीत. गेओर्ग प्लेब्स्ट हा मिशनचा तंत्रज्ञ, मूळ काम छापखान्याचं. नेत्रावती आणि गुरुपूर नद्यांच्या काठची चिकणमाती कौलाला चांगली आहे हे हेरून त्याने युरोपातल्या धर्तीचं, एकमेकांत अडकणारं कौल काढायचं ठरवलं. अशा कौलाचं पेटंट अल्सासमधल्या गिलार्डोनी बंधूंनी 1841मध्ये घेतलं होतं.

इथे जरा थांबतो, कारण हे कौल हातात घेऊन पाहण्यासारखं आहे. आपल्याकडचं जुनं कौल म्हणजे नळीचं: कुंभाराने चाकावर केलेली नळी उभी चिरून दोन तुकडे. एक उताणं, एक पालथं, असं रचत जायचं. ते कशालाच अडकलेलं नसतं, स्वतःच्या वजनावर बसतं. माकड नाचलं, मांजर धावलं की सरकतं. म्हणून दर उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, छप्पर शाकारायचं. मंगळुरी कौलाला मागून एक नाक असतं, ते लाकडी रीपेला अडकतं. कडांना खाचा असतात, शेजारच्या कौलाची कड त्यात बसते आणि पाणी ठरलेल्या पन्हळीतूनच खाली जातं. कौलांचे थर कमी लागतात, त्यामुळे छप्पर हलकं होतं आणि वासे बारीक चालतात. सगळी कौलं साच्यातून एकाच मापाची निघतात, म्हणून एक फुटलं तर तेवढंच बदलायचं, बाकी छपराला हात लावायचा नाही. मी दिवसभर सॉफ्टवेअरमध्ये हेच करायचा प्रयत्न करतो आणि ते क्वचितच इतकं जमतं.

मंगळूर बंदर असल्यामुळे जड माल गलबतांनी मुंबईपर्यंत आणि पुढेही जाऊ लागला. मिशनने कालिकतसारख्या इतर ठिकाणीही कौलांचे कारखाने काढले.

आता खरी गोम. कारखाना चालला, तसा पाद्री मालक झाला. पगाराची वही आणि धर्मग्रंथ एकाच संस्थेच्या हातात. कामगार तिच्या चर्चमध्ये जाणार, त्याची मुलं तिच्या शाळेत शिकणार, घरही पुष्कळदा तिच्याच जागेवर. अशा माणसाने रविवारी प्रार्थनेला यायचं नाकारलं तर त्याचं धैर्य मोजायचं कसं? आणि तो आला, तर त्याची श्रद्धा तरी कशी मोजायची? हा पेच मिशनऱ्यांनाही टोचत होता. पोटासाठी ख्रिस्ती होणाऱ्यांची धास्ती त्यांच्यातही होती आणि कारखान्याच्या हिशेबात आत्म्याचं काम मागे पडतं, अशी कुरबुरही. पुढे कारखान्यांत ख्रिस्ती नसलेले कामगारही आले. तरी मला वाटतं, त्या बिल्लव माणसाच्या बाजूने पाहिलं तर जमीनदाराच्या मर्जीपेक्षा महिन्याचा पगार बराच बरा होता. आमच्याच डहाणू-तलासरी भागात वारली माणूस लग्नाच्या कर्जापायी सावकाराचा ‘लग्नगडी’ होऊन राबत होता, थेट 1945चा उठाव होईपर्यंत. अमेरिकन ब्रदरेन मिशन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डहाणूला आलं, त्याने शाळा आणि दवाखाना दिला. मंगळुरासारखा कारखाना मात्र दिला नाही.

पण कौल मिशनच्या हातात राहिलं नाही. 1868मध्येच मंगळुरात अल्बुकर्क यांनी आपला कारखाना काढला आणि मग एकामागून एक अनेकांनी. प्रत्येक जण कौलावर आपलं नाव उमटवू लागला. मंदिरावर, मशिदीवर, कचेरीवर, शाळेवर तेच कौल बसलं. ज्या वस्तूचा जन्म बाप्तिस्म्याच्या पेचातून झाला, ती विकत घेणाऱ्याला तो पेच ठाऊकही नव्हता.

महाराष्ट्रात असाच एक प्रयत्न अहमदनगरला झाला. 1899-1900च्या दुष्काळात अनाथ झालेली पुष्कळ मुलं अमेरिकन मराठी मिशनकडे आली, त्यांना हुन्नर शिकवायचा होता. डेव्हिड कॅरोल चर्चिल हा बॉस्टनच्या एमआयटीचा इंजिनिअर त्या मिशनमध्ये आला आणि त्याने वेगाने चालणारा सुधारित हातमाग तयार केला. सरकारी अधिकाऱ्यांनी कौतुक केलं, विणकरांनी फारसा घेतला नाही. माग महाग होता. शिवाय विणणं वेगाने झालं तरी ताणा तयार करायला, खळ लावायला तितकाच वेळ लागायचा. जुन्याच मागाला धावता धोटा जोडणं विणकराला जास्त परवडलं. प्लेब्स्टचं कौल गिऱ्हाइकाची रोजची कटकट मिटवत होतं, चर्चिलचा माग जिथे अडत होतं तिथे पोचलाच नाही. अमेरिकेत परतल्यावर याच चर्चिलने 1922मध्ये, पत्नी एलिनॉरसोबत, केंटकीतल्या बेरिया गावी हातमागाची कंपनी काढली. तिथे मिशन नव्हतं, नुसता धंदा होता, आणि तो 2007पर्यंत चालला.

नगरचा संबंध मंगळुराशीही येतो, वेगळ्या कारणाने. 1914मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि बाझल मिशनमधले जर्मन एका रात्रीत शत्रूचे नागरिक ठरले. त्यांच्यातल्या अनेकांना नगरच्या छावणीत नजरकैदेत ठेवलं. कंपनीचा कारभार सरकारने ताब्यात घेतला आणि युद्धानंतर कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्ट नावाच्या ब्रिटिश कंपनीकडे गेले. पाद्री गेले, मालक बदलला, भट्ट्या चालू राहिल्या.