मिलर, विल्यम
मिलर, विल्यम : (१५ फेब्रुवारी १७८२ – २० डिसेंबर १८४९). अमेरिकेतील एक ग्रामीण बाप्टिस्ट धर्मोपदेशक व ‘मिलरवादी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या चळवळीचा प्रवर्तक. जन्म मॅसॅचूसेट्स राज्यातील पिट्सफील्ड येथे. सोळा भावंडांत तो थोरला. वडील कॅप्टन विल्यम मिलर हे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात लढलेले सैनिक. आई पॉलीना ही एल्नेथन फेल्प्स या बाप्टिस्ट उपदेशकाची कन्या. विल्यम लहान असतानाच हे कुटुंब व्हरमाँटच्या सीमेलगत, न्यूयॉर्क राज्यातील लो हॅम्प्टन या खेड्यात शेती करण्यासाठी गेले. शाळेचे शिक्षण जुजबीच झाले. परंतु वाचनाचे वेड विलक्षण होते. शेजाऱ्यांकडून उसन्या आणलेल्या पुस्तकांवर त्याने आपली भूक भागविली.

१८०३ मध्ये लूसी स्मिथ हिच्याशी विवाह झाल्यावर तो व्हरमाँटमधील पोल्टनी येथे राहू लागला. तेथील ग्रंथालयात व्हॉल्तेअर, ह्यूम, टॉमस पेन इत्यादींचे लेखन त्याने वाचले आणि तो ईश्वरमात्रवादी (ईश्वर मानणारा, पण प्रकटीकरण व चमत्कार न मानणारा) बनला. आजोबा फेल्प्स आणि चुलता एलायहू यांच्या प्रवचनांची हुबेहूब नक्कल करून तो मित्रांना हसवीत असे. १८१२ च्या इंग्लंडविरुद्धच्या युद्धात तो कॅप्टन होता. ११ सप्टेंबर १८१४ रोजी प्लॅट्सबर्ग येथे संख्येने कितीतरी मोठ्या ब्रिटिश सैन्याला माघार घ्यावी लागली. ही घटना त्याला केवळ मानवी पराक्रमाने उलगडेना.

१८१५ मध्ये तो लो हॅम्प्टनला परतला. वडील १८१२ मध्ये वारले होते. चुलता तेथील बाप्टिस्ट मंडळीचा पाळक होता. तो गावी नसला म्हणजे मंडळीतील सेवक छापील प्रवचन वाचून दाखवीत. ते वाचन रटाळ असल्याने विल्यम त्या दिवशी उपासनेला जात नसे. आईने कारण विचारता ‘मी वाचले असते तर आलो असतो’ अशा अर्थाचे तो बोलून गेला, आणि वाचनाचे काम त्याच्याच गळ्यात पडले. सप्टेंबर १८१६ मध्ये आईबापांच्या कर्तव्यांविषयीचे एक प्रवचन वाचताना त्याचा कंठ दाटून आला व त्याला खाली बसावे लागले. नक्कल करणाऱ्याचे हे परिवर्तन घरातच, आईच्या आग्रहातून घडले, याकडे त्याच्या पुढील कीर्तीमुळे दुर्लक्ष होते.

यानंतर दोन वर्षे त्याने बायबलचा ओळीने अभ्यास केला. जुन्या करारातील दानीएलच्या ग्रंथातील (८:१४) २,३०० दिवस म्हणजे तितकीच वर्षे, असे मानून व त्यांचा आरंभ इ. स. पू. ४५७ मध्ये धरून ख्रिस्ताचे पुनरागमन १८४३ च्या सुमारास होईल, असा निष्कर्ष त्याने १८१८ मध्ये काढला. मात्र तो जाहीरपणे मांडण्यास त्याने तेरा वर्षे घेतली. कोणी बोलावले तर जाईन, असा मनोमन संकल्प ऑगस्ट १८३१ मध्ये करताच, त्याच्या निवेदनानुसार, अर्ध्या तासात ड्रेझ्डेनहून भाचा निमंत्रण घेऊन दारात उभा राहिला.

बाप्टिस्ट पंथात प्रत्येक मंडळी स्वायत्त असे आणि ईश्वरविद्येच्या औपचारिक शिक्षणावाचून शेतकरीही उपदेशक होऊ शके. खेड्यापाड्यांतील मंडळ्या अशाच माणसांवर चालत. मिलरला १८३३ मध्ये प्रवचनाचा परवाना मिळाला. पण एखाद्या मंडळीचा वेतनी पाळक तो झाला नाही. खर्च बहुधा पदरचा असे. १८३६ पर्यंत कॅनडात एका स्त्रीने दिलेली अर्ध्या डॉलरची दोन नाणी एवढीच आपली प्राप्ती, असे त्याने पुढे नमूद केले. लूसीला दहा अपत्ये झाली, त्यांपैकी आठ जगली. घरधनी महिनोन्‌महिने बाहेर असता शेत व संसार तिने आणि मुलांनी सांभाळला. चळवळीच्या इतिहासांतून या श्रमांची नोंद फारच थोडी सापडते.

१८४० पासून बॉस्टनचा जॉशुआ हाइम्झ याने *साइन्स ऑफ द टाइम्स* हे पत्र काढून व प्रचंड तंबूंत सभा भरवून हा ग्रामीण उपदेश शहरांत नेला. मिलरने २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४ अशी मर्यादा सांगितली होती, ती उलटली. इ. स. पू. १ नंतर लगेच इ. स. १ येते, शून्य वर्ष नाही. तेव्हा हिशेब १८४४ मध्ये पुरा होतो, असे अनुयायांच्या ध्यानात आले. सॅम्युएल स्नो याने २२ ऑक्टोबर १८४४ ही तिथी सांगितली. मिलरने ती अगदी शेवटी, त्या महिन्याच्या आरंभी मान्य केली. अनेकांनी शेतातील पिके तशीच उभी ठेवली होती. दिवस उगवला व मावळला. ‘मोठी निराशा’ या नावाने तो ओळखला जातो. अनुयायी शुभ्र झगे घालून डोंगरांवर बसले होते ही कथा लोकप्रिय असली, तरी तिला विश्वसनीय आधार नाही.

१८४५ च्या आरंभी लो हॅम्प्टनच्या मंडळीने, चुलत्याच्या व आईच्या त्याच मंडळीने, त्याला बहिष्कृत केले. त्याच वर्षी लिहिलेल्या *अपॉलॉजी अँड डिफेन्स* मध्ये त्याने आपली चूक आडपडदा न ठेवता कबूल केली. पुनरागमन जवळ आहे ही श्रद्धा मात्र सोडली नाही. ही कबुली त्याला भोंदू ठरविणाऱ्यांनी अवश्य वाचावी. १८४८ मध्ये घराशेजारी एक लहान प्रार्थनामंदिर उभारण्यात आले. तोवर त्याची दृष्टी गेली होती. लो हॅम्प्टन येथेच तो निधन पावला.

मेन राज्यातील पोर्टलंड येथे १८४० मध्ये त्याची प्रवचने ऐकलेली एलेन हार्मन (विवाहोत्तर एलेन व्हाइट) १८६३ मध्ये संघटित झालेल्या सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाची एक संस्थापक ठरली. पुण्यातील स्पायसर ही शिक्षणसंस्था याच पंथाची. शनिवारच्या शब्बाथाचा त्या पंथाचा आचार मात्र मिलरने कधीच स्वीकारला नव्हता.