न्यायाधीशाच्या बाजूची खुर्ची

गेल्या महिन्यात वस्तीतल्या विहारात बैठक झाली. विषय एका मुलीच्या दाव्याचा होता. तिचं प्रकरण तीन वर्षं कौटुंबिक न्यायालयात चाललं आहे. अंतरिम पोटगीचा आदेश झाला, पैसे येत नाहीत, आणि तारखेला गेलं की "जरा जुळवून घ्या" हे ऐकून परत यायचं. बोलता बोलता कायदा शिकणारा आमचा एक तरुण कार्यकर्ता उठला आणि म्हणाला, "पारशांच्या घटस्फोटाच्या कोर्टात त्यांच्याच समाजाची माणसं न्यायाधीशाच्या शेजारी बसतात, मत देतात. मग आपल्या समाजाचे जाणकार आपल्या लेकीबाळींच्या दाव्यात का बसू नयेत?" टाळ्या पडल्या. एका ज्येष्ठ बंधूंनी तर तसा ठरावच मांडला.

त्या दिवशी आम्ही गप्प राहिलो. पोराची माहिती खरी होती आणि त्यामागचा रागही खरा होता. पण ठराव पुढच्या बैठकीत परत येणार आहे, म्हणून आमचं म्हणणं इथे सविस्तर मांडतो. ही बाजूची खुर्ची कुठून आली, तिला अधिकार किती आणि तिच्यावर आजवर कोण बसत आलं, हे आधी पाहू.

सुरुवात पारशांपासूनच करू. मुंबईत इंग्रजी अंमलात पारशी पंचायत ही त्या समाजाची जवळजवळ कचेरीच होती. 1778 साली गव्हर्नर हॉर्नबीने या पंचायतीला लेखी अधिकार दिला. समाजाचे नियम मोडणाऱ्याला जेवणावळीतून वगळा, जोड्यांनी मारा, मात्र दुसरी शारीरिक शिक्षा देऊ नका. जोड्याने मारायची सनद सरकारच देतं आणि ती पंचांच्या हाती पडते! आपल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. पुढे पंचायतीचा धाक ओसरला. बड्या घरच्या पुरुषांना एक न्याय आणि बाकीच्यांना दुसरा, ही तक्रार पारशीच करू लागले. नवराबायकोच्या भांडणाला धड कोर्ट उरलं नाही. 1856 साली प्रिव्ही कौन्सिलने स्पष्ट केलं की मुंबईच्या सुप्रीम कोर्टाची जी शाखा ख्रिस्ती धर्मन्यायालयाच्या धर्तीवर चालते, तिला पारशी दांपत्याचा असा दावा चालवता येणार नाही.

मग नौरोजी फर्दुनजी, सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारख्या सुधारकांनी स्वतंत्र कायद्यासाठी खटपट केली आणि 1865 चा पारशी विवाह व घटस्फोट कायदा झाला. त्यात एक तडजोड होती. न्यायाधीश सरकारचा, पण त्याच्यासोबत समाजाचे 'डेलिगेट' बसणार. 1936 च्या नव्या कायद्याने ही रचना कायम ठेवली. ती आजही चालू आहे.

या डेलिगेटांचे अधिकार नीट समजून घ्या, कारण ठराव मांडणाऱ्या बंधूंना ते केवळ सल्लागार वाटतात. कायद्याचे आणि कार्यपद्धतीचे प्रश्न न्यायाधीश ठरवतो. पण घडलं काय, म्हणजे नवऱ्याने छळ केला का, बायकोला टाकून दिलं का, हे डेलिगेटांच्या बहुमताने ठरतं. मतं समसमान पडली तरच न्यायाधीशाचं मत चालतं. समोरच्या बाईचं म्हणणं न्यायाधीशाला शंभर टक्के पटलं, पण डेलिगेटांच्या बहुमताला पटलं नाही, तर बाई हरली. पूर्वी हे डेलिगेट सात असत, 1988 च्या दुरुस्तीने पाच झाले. अपील करता येतं, पण निर्णय कायद्याविरुद्ध असेल किंवा कामकाजात मोठी चूक होऊन निकालच बिघडला असेल, तेवढ्याच कारणावर. 'पंचांनी माझं खरं मानलं नाही' या कारणावर वरची दारं बंद.

डेलिगेट होतो कोण? पारशी असणं आवश्यक. राज्य सरकार स्थानिक पारशांचं मत घेऊन यादी करतं. मुंबईसारख्या शहरात जास्तीत जास्त तीस नावं, मुदत दहा वर्षं, पुन्हा नेमणूक होऊ शकते. कायद्याच्या पदवीची अट नाही. यादीतली काही नावं कारण न सांगता नाकारायची मुभा पक्षकाराला आहे, हे मान्य. पण 2011 च्या जनगणनेत अख्ख्या देशात पारशी होते 57,264. एवढ्या समाजात कोण कोणाला ओळखत नाही? दोघांपैकी एकाची इच्छा असेल तर सुनावणी बंद दाराआड होते. दाराबाहेर राहतात ते अनोळखी लोक. ज्यांच्यापासून बाईला आपल्या घरातली गोष्ट लपवायची असेल, ते आतमध्ये खुर्च्यांवर बसलेले असू शकतात.

आणखी एक गोष्ट. त्याच 1988 च्या दुरुस्तीनंतर पोटगी, मुलांचा ताबा, मुलांचं शिक्षण आणि मधल्या काळातले अर्ज यांतून डेलिगेटांना वगळलं. हे सगळं न्यायाधीश एकटा पाहतो. आम्हाला यात एक मूक कबुली दिसते. 2017 मध्ये एका पारशी महिलेने ही सगळी पद्धतच सर्वोच्च न्यायालयात आव्हान देऊन उभी केली. म्हणजे ज्या व्यवस्थेचा हेवा करून आपण ठराव मांडतो आहोत, त्या व्यवस्थेतून सुटायला तिथली बाई दिल्लीपर्यंत गेली.

फौजदारी खटल्यातली ज्युरी या देशाने सोडून दिली. नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने निर्दोष ठरवलं, ते उच्च न्यायालयाने फिरवलं, आणि 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरी राहिलीच नाही. खुनाच्या खटल्यातून सामान्य माणसाचं मत गेलं, पारशी बाईच्या संसाराच्या खटल्यात मात्र राहिलं.

आता आपल्याकडे वळू. आपल्या आज्यापणज्यांच्या काळात काडीमोड जातीच्या पंचांपुढे होई. दंड भरायचा, जातीला जेवण घालायचं, मग पाट लावायला मोकळीक. ब्राह्मणी धर्मशास्त्रात बाईला सुटकाच नव्हती. कष्टकरी जातींत ती होती, आणि हे आपण अभिमानाने सांगतो. बाबासाहेबांनीही हिंदू कोड बिलाच्या चर्चेत हेच दाखवलं की घटस्फोट ही परदेशातून आणलेली गोष्ट नाही, शूद्र म्हणवल्या गेलेल्या बहुसंख्य समाजात तो रूढच आहे. पण त्या सुटकेची किल्ली पंचांच्या कनवटीला होती, हेही तितकंच खरं.

1876 साली मुंबई उच्च न्यायालयाने शंभू रघू खटल्यात सांगितलं की विवाह रद्द करण्याचा किंवा नवरा हयात असताना बाईला पुन्हा लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार कोर्ट मानणार नाही. जातीने परवानगी दिली अशी प्रामाणिक समजूत होती, हा भारतीय दंडसंहितेच्या कलम 494 खालच्या गुन्ह्यात बचाव ठरत नाही. वाचताना वाटतं, वा, जातपंचायत मोडली. पण मोडलं काय ते पाहा. जातीचा दंड, बहिष्कार, वाळीत टाकणं जागच्या जागी राहिलं. अडचणीत आली ती पाट लावलेली बाई, आणि तिला दुसरं कोर्ट कोणीच दिलं नाही. पुढे दहाच वर्षांनी रखमाबाईंना त्याच मुंबईच्या कोर्टाने नको असलेल्या नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा, असं बजावलं. त्यामुळे 'कोर्ट आलं आणि बाई सुटली' इतका सोपा इतिहास आम्हीही सांगणार नाही.

मग बाबासाहेबांची भूमिका काय होती? ऑक्टोबर 1932 मध्ये मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायतीचं विधेयक आलं. त्यात पंचायतींना न्यायदानाचे अधिकार देण्याची तरतूद होती. बाबासाहेबांनी त्याला कडाडून हरकत घेतली. गाव जातींनी पोखरलेलं आहे, तिथून निवडून आलेला माणूस शेजाऱ्यांच्या मर्जीवर उभा असतो, तो अस्पृश्याला निःपक्षपाती न्याय कसा देणार, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा. आपण हे भाषण सवर्ण गावाविरुद्ध म्हणून वाचतो. तसं ते आहेच. पण युक्तिवाद जरा पुढे न्या. शेजाऱ्यांच्या मर्जीवर उभा असलेला माणूस आपल्या वस्तीत नसतो काय? 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत त्यांनी राज्यघटनेचा घटक म्हणून गाव बाजूला ठेवून व्यक्ती स्वीकारली, याचं समाधान व्यक्त केलं. त्या व्यक्तींत सासरी छळ होणारी आपली पोरगीही आली.

हिंदू कोड बिल रखडलं. बाबासाहेबांनी सप्टेंबर 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं. 1955 चा हिंदू विवाह कायदा झाला, जो बौद्धांनाही लागू आहे. त्यात कलम 29 मध्ये एक फट राहिली. रूढीने मिळणारा घटस्फोटाचा हक्क तसाच ठेवला. बाईची सोय म्हणून ती ठीक, पण या फटीतून पंच परत आत शिरले. आज वस्त्या-वस्त्यांतून स्टॅम्प पेपरवर फारकत लिहिली जाते, चार जण सह्या करतात, नोटरीचा शिक्का बसतो आणि सगळे घरी जातात. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच सांगितलं आहे की रूढीने झालेला घटस्फोट हा अपवाद आहे आणि तशी रूढी समाजात आहे हे स्वतंत्रपणे सिद्ध करावं लागतं. ती सिद्ध झाली नाही तर बाई दुसऱ्या घरात बेकायदा ठरते, पहिल्या नवऱ्याकडून पोटगीही अडते. सह्या करणारे चौघे त्या वेळी कुठेच नसतात. हे आमच्या डोळ्यांसमोर एकापेक्षा जास्त वेळा घडलं आहे.

जातपंचायतींविरुद्ध महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, तो 2017 पासून अमलात आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हा कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकरांची चळवळ झगडली. त्यांच्या हयातीत तो झाला नाही.

आणि मग आजचं कौटुंबिक न्यायालय, 1984 च्या कायद्याचं. इथे न्यायाधीशाच्या बाजूला मत देणारी खुर्ची नाही. एकाहून जास्त न्यायाधीश असले तर प्रत्येकाला सगळे अधिकार, मुख्य न्यायाधीश कामाची वाटणी करतो, इतकंच. समुपदेशक आहेत, समाजकल्याण संस्था आणि डॉक्टर, तज्ज्ञ यांची मदत घेता येते. यांच्यापैकी कोणालाही निकाल देता येत नाही. वकील हक्काने उभा राहू शकत नाही, न्यायालयाला गरज वाटली तर घेता येतो. हेतू चांगला होता, पण ज्या बाईला मराठी अर्जाचा मसुदाही करता येत नाही तिला याचा फायदा किती, यावर वेगळा लेख लिहावा लागेल.

आमचा खरा आक्षेप कलम 4 वर आहे. न्यायाधीश निवडताना विवाहसंस्था जपण्याच्या आणि टिकवण्याच्या गरजेशी बांधील असलेली माणसं निवडावीत, असं ते म्हणतं. स्त्रियांना प्राधान्य द्यावं असंही म्हणतं. पण पहिली अट वाचा. न्यायाधीश संस्थेशी बांधील, मग संस्थेने भरडलेल्या बाईशी कोण? "जुळवून घ्या" हे वाक्य समुपदेशकाच्या तोंडून येतं, पण त्याचं मूळ कायद्यात आहे. ठराव करायचाच असेल तर या कलमाविरुद्ध करा. अनुसूचित जाती-जमातींच्या, भटक्या-विमुक्तांच्या मुली न्यायाधीश म्हणून मुख्य खुर्चीत बसाव्यात म्हणून करा. अंतरिम पोटगीची वसुली महिनोन्महिने का होत नाही, याचा जाब विचारणारा करा. त्यासाठी आम्ही मोर्चाला येऊ.

बाजूच्या खुर्चीवर मात्र आपले 'जाणकार' कोण बसणार आहेत, हे आम्हाला आताच दिसतं. यादी विहार कमिटीतून जाईल. कमिटीत आजही बहुतेक पुरुष आहेत. एखादा भाऊ मुलाच्या चुलत्याचा पतपेढीतला सहकारी असेल, दुसऱ्याला पुढच्या निवडणुकीत त्याच गल्लीतली मतं हवी असतील. त्यांची नियत वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. यातले काही जण आमचे गुरू आहेत, नामांतराच्या लढ्यात त्यांनी लाठ्या खाल्ल्या आहेत.

विहाराच्या कपाटात एक जुनी वही आहे. लग्नाच्या भांडणांचे 'समेट' तिच्यात लिहिलेले आहेत. बैठकीनंतर आम्ही ती चाळली. प्रत्येक नोंदीखाली पाच-सहा पुरुषांच्या सह्या, आणि शेवटी कोपऱ्यात बाईचा अंगठा किंवा तिचं नाव. "मुलगी नांदायला तयार आहे" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पानावर. अलीकडच्या काही नोंदींखाली आमच्याही सह्या आहेत. त्यातल्या एका मुलीचाच दावा आज कोर्टात आहे.

पुढच्या बैठकीत आम्ही ठरावाला विरोध करणार आहोत आणि ती वही सर्वांसमोर ठेवणार आहोत. मुलीची पुढची तारीख सोमवारी आहे. महिला मंडळातल्या दोघी तिच्यासोबत जातील, वसुलीचा अर्ज वकील मैत्रिणीने लिहून दिला आहे. वकिलाला उभं राहू द्यावं असा अर्जही त्याला जोडला आहे.