वाहनातील श्वान आणि सारथ्याचा धर्म

सुरत शहराच्या पश्चिमेस, तापी नदीच्या उजव्या तीरावर, हजिऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर इच्छापोर हे गाव वसलेले आहे. त्याच्याही पलीकडे, समुद्राच्या काठी, सुवाळी लागते. सतराव्या शतकात सुरतेच्या व्यापारासाठी येणारी मोठी युरोपीय जहाजे नदीच्या उथळ मुखात शिरत नसत. ती सुवाळीच्या आडोशास नांगर टाकीत आणि तेथून माल व माणसे शहराकडे जात. आज त्याच भागात खत, वायू व पोलाद यांचे कारखाने उभे आहेत आणि त्यांच्या अवजड मालमोटारींच्या रांगांतून लहान गाड्या वाट काढीत असतात. त्या लहान गाड्यांत कधी मागच्या आसनावर, कधी चालकाच्या मांडीवर, कधी स्कूटरच्या पायफळीवर एखादे कुत्रे मोकळे उभे असलेले दिसते. अशा कुत्र्यास वाहनात बांधून वा अडवून ठेवणे कायद्याने आवश्यक करावे काय, हा प्रश्न वरवर पाहता अगदी आजचा व काहीसा हौशी लोकांचा वाटतो. परंतु या प्रश्नाचा एक फार बोलका दाखला याच किनाऱ्याच्या इतिहासात सापडतो.

इंग्लंडचा राजदूत सर थॉमस रो हा १६१५ ते १६१९ या काळात जहांगीर बादशहाच्या दरबारी होता. त्याचा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी हा १६१६ साली कंपनीच्या ताफ्यातून सुवाळीस उतरला. त्याने आपले प्रवासवर्णन पुढे १६५५ साली प्रसिद्ध केले. बादशहास नजर करण्याकरिता इंग्लंडहून मास्टिफ जातीचे धिप्पाड कुत्रे पाठविण्यात आले होते. टेरी सांगतो की, त्यांतील एका धीट कुत्र्याने समुद्रात शिंशुमारांचा थवा पाहिला आणि त्यांच्याशी झुंजण्यासाठी एकदम पाण्यात उडी घेतली. वारा जोराचा होता, जहाज वेगात होते. ते थांबवून कुत्र्यास वाचविणे शक्य झाले नाही. प्रवासाअखेर दोनच कुत्रे जिवंत उरले. त्यांना एकेका लहानशा गाडीत घालून बादशहाच्या छावणीकडे नेत असता त्यांतील अधिक उग्र कुत्रा सुटला, जवळच्या एका प्रचंड हत्तीच्या सोंडेस त्याने दात रोवले आणि तो महाकाय प्राणी वेदनेने ओरडू लागला. हत्तीने त्यास कसेबसे झटकून दूर फेकले, तोच समोर एक गावठी कुत्रा आला. मास्टिफने त्यास जागीच ठार केले.

या एका हकिकतीत आपल्या प्रश्नाची तिन्ही अंगे आली आहेत. मोकळे सोडलेले जनावर प्रथम स्वतःचा नाश करून घेते. नंतर ते सहप्रवाशास संकटात घालते. आणि अखेरीस ज्याचा त्या प्रवासाशी काडीचाही संबंध नाही, अशा वाटेवरच्या जिवाचा बळी जातो. टेरीने पुढची गोष्टही नोंदविली आहे. बादशहाने प्रत्येक कुत्र्यामागे चार सेवक नेमले. दोघे त्यास पालखीत घालून नेत व दोघे माश्या वारीत. वैभव म्हणून ही गोष्ट हसण्यासारखी खरी. परंतु जनावर वाहनात बसले की त्याचा भार कोणीतरी नेमून घेतला पाहिजे, एवढे त्या दरबारास कळले होते.

आता आपल्या धर्मशास्त्राकडे वळू. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वाहनाने होणाऱ्या अपघातांचा विचार केलेला आहे. नाकातील वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक भंगले, जोते वा लगाम तुटला, अथवा सारथ्याने ‘बाजूला व्हा’ अशी हाळी दिली असताही अपघात झाला, तर दंड नाही, असे स्मृतिकार सांगतो. परंतु सारथ्याच्या अकौशल्याने गाडी वाट सोडून भलतीकडे गेली व हानी झाली, तर मालकास दोनशे पण दंड. सारथी कुशल असून चुकला तर दंड सारथ्यास. आणि सारथी अकुशल आहे हे असूनही जे गाडीत बसले, त्या सर्वांस प्रत्येकी शंभर पण दंड. या विवेचनामागील तत्त्व स्वच्छ आहे. जे मनुष्याच्या हातचे नाही त्याबद्दल दोष नाही. जे हातचे होते आणि केले नाही, त्याबद्दल दोष आहे. आणि तो दोष केवळ चालविणाऱ्यापुरता मर्यादित राहत नाही.

याच प्रकरणात रस्त्यावर मारल्या गेलेल्या प्राण्यांचे दंडही दिले आहेत. गाढव, शेळी, मेंढी यांच्याबद्दल पाच माष, आणि कुत्रा किंवा डुक्कर यांच्याबद्दल एक माष. कुत्र्याच्या जिवाची ही किंमत आजच्या वाचकास फारच हलकी वाटेल, व ती हलकी आहेच. स्मृतीचा दंडक येथे जनावराचे मोल पाहतो. त्याचे दुःख पाहत नाही. ती उणीव आपल्या इतिहास-पुराणांनी भरून काढली. रामायणाच्या उत्तरकांडात एक जखमी कुत्रा रामाच्या सभेत येऊन फिर्याद मांडतो आणि राम ती ऐकून घेतो. महाभारताच्या आरंभीच, जनमेजयाच्या बंधूंनी विनाकारण मारलेल्या पिल्लाची माता सरमा सत्रमंडपात येऊन जाब विचारते. आणि महाप्रस्थानिक पर्वात तर प्रश्न प्रत्यक्ष वाहनाचाच आहे. इंद्र रथ घेऊन येतो, धर्मराजास आत बसावयास सांगतो आणि कुत्र्यास मागे ठेवण्याचा आग्रह धरतो. धर्मराज नकार देतो. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता, हे पुढे उघड होते.

या कथेचा आधार घेऊन कोणी म्हणेल की, ज्याच्यासाठी युधिष्ठिराने स्वर्ग नाकारला, त्यास आपण पट्ट्याने बांधावे हे विपरीत आहे. परंतु हा अर्थ कथेचा नव्हे. युधिष्ठिराचे म्हणणे, कुत्र्यास मनास येईल तसे फिरू द्यावे, असे नव्हते. जो भरवसा ठेवून आपल्याबरोबर आला त्यास सोडून देऊ नये, असे होते. बरोबर घेणे म्हणजे जबाबदारी घेणे. जनावरास गाडीत घेऊन त्याच्या सुरक्षिततेचा विचार न करणे म्हणजे त्यास अर्ध्या वाटेत सोडून देणेच होय. दत्तात्रेयाच्या पायाशी असलेल्या चार श्वानांस आपण चार वेद मानतो, भैरवाचे वाहन म्हणून श्वानास हात जोडतो. वंदनाने कर्तव्य संपत नाही. ते तेथून सुरू होते. कोकणीत ज्यास ‘सुणें’ म्हणतात, त्या शब्दात संस्कृत ‘शुनक’ अजून ऐकू येतो. भाषेने जे नाते जपले ते आचारातही जपले पाहिजे.

सुरतेच्या लोकांस हे कर्तव्य फार पूर्वी उमगले होते. १६८९ साली येथे आलेल्या ओव्हिंग्टन या इंग्रज धर्मोपदेशकाने शहराजवळच्या, वाण्यांनी चालविलेल्या जनावरांच्या इस्पितळाचे वर्णन केले आहे. त्यात गाई, घोडे, शेळ्या यांच्याबरोबर कुत्र्यांचाही उल्लेख आहे. पुढे गुजरातेतील पारशी व वाणी कुटुंबे मोठ्या संख्येने मुंबईस गेली, तेव्हा ही दयाबुद्धीही त्यांच्याबरोबर गेली. १८३२ च्या जून महिन्यात मुंबई सरकारच्या हुकुमाने भटकी कुत्री मारली जाऊ लागली आणि मारणाऱ्यास दर कुत्र्यामागे पैसे मिळू लागले, तेव्हा पारशी समाज खवळून उठला. दंगा झाला, हरताळ पडला, बाजार बंद राहिले. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. त्या प्रसंगाचा धडा असा की, कुत्र्याविषयीचा कायदा लोकांस पटावयाचा असेल, तर तो कुत्र्याविरुद्ध आहे असे लोकांस वाटता कामा नये.

स्वतंत्र भारताने या दिशेने पाऊल टाकले. १९५३ साली रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राण्यांच्या छळाविरुद्ध विधेयक मांडले; सरकारने स्वतः व्यापक कायदा आणण्याचे आश्वासन दिले आणि १९६० साली प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम संमत झाला. त्याच्या ११ व्या कलमात, जनावरास विनाकारण वेदना होतील अशा रीतीने किंवा अशा स्थितीत वाहून नेणे हा अपराध ठरविला आहे. त्याच कलमात, अवास्तव आखूड वा जड साखळीने जनावरास दीर्घकाळ बांधून ठेवणे, आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्यास व्यायाम न देणे, हेही अपराध आहेत. पहिल्या अपराधास जास्तीत जास्त ५० रुपये दंड ठरला. साठ वर्षे उलटली तरी तो तेवढाच राहिला, यावरून या कायद्याकडे आपण किती लक्ष दिले ते दिसते. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत कुत्र्या-मांजरांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. तथापि त्याचा रोख पेटाऱ्यांतून पाठविल्या जाणाऱ्या जनावरांवर आहे, मालकाबरोबर गाडीत बसून जाणाऱ्या घरच्या कुत्र्यावर नाही.

दुसऱ्या बाजूने १९८८ चा मोटार वाहन अधिनियम आहे. त्याच्या १२५ व्या कलमानुसार, वाहनावरील ताब्यास अडथळा येईल अशा रीतीने चालकाने कोणास बसू देऊ नये व कोणतीही वस्तू ठेवू देऊ नये. मांडीवरचे कुत्रे या कलमाच्या कक्षेत आणता येईल. परंतु मागच्या आसनावर मोकळ्या असलेल्या कुत्र्याबद्दल दोन्ही कायदे स्पष्ट बोलत नाहीत. एक वेदना झाल्यावर जागा होतो. दुसरा अडथळा आल्यावर. धोक्यास आधीच बांध घालणारा नियम मधल्या मध्ये राहून गेला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलास पट्ट्याविना नेणाऱ्या चालकास १,००० रुपये दंड ठेवला. म्हणजे जो स्वतःचे रक्षण करू शकत नाही त्याचे रक्षण चालकाने करावे, हे तत्त्व आपल्या कायद्याने स्वीकारलेलेच आहे. आगगाडीतही कुत्रा मोकळा नेता येत नाही. पहिल्या वर्गाचा संपूर्ण कक्ष राखून घ्यावा लागतो, नाहीतर गार्डाच्या डब्यातील पेटीत त्यास ठेवावे लागते. विमानाचीही अशीच शिस्त आहे. रस्ता तेवढा अपवाद का असावा?

अपवाद असू नये, याचे कारण साधे गणित सांगते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एकाएकी अडली, तर आतील मोकळा जीव त्याच वेगाने पुढे जातो. तो आघात सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. २० किलो वजनाचे कुत्रे त्या वेगाने पुढील आसनावर आदळले, तर त्याचाही अंत व पुढे बसलेल्याचाही.

इतर देशांनी या बाबतीत निरनिराळे मार्ग काढले आहेत. ब्रिटनच्या मार्गसंहितेच्या ५७ व्या नियमात कुत्र्यास योग्य रीतीने अडवून ठेवण्यास सांगितले आहे. तो नियम मोडणे हा स्वतंत्र अपराध नसला, तरी खटल्यात त्याचा विचार होऊ शकतो. जर्मनीत जनावर हे गाडीतील भार समजून तो सुरक्षित करण्याची जबाबदारी चालकावर टाकली आहे. इटलीत एकापेक्षा अधिक जनावरे असतील तर पिंजरा वा आडपडदा लागतो. अमेरिकेतील हवाई राज्यात जनावर मांडीवर घेऊन गाडी चालविण्यास मनाई आहे.

आपल्याकडील आक्षेपही रास्त आहेत. जेथे माणसेच टेम्पोच्या फळीवर उभी राहून जातात, तेथे कुत्र्याच्या पट्ट्याचा कायदा म्हणजे थट्टा होय, असे कोणी म्हणेल. पोलिसांच्या हाती गरिबास अडविण्याचे आणखी एक निमित्त येईल, असेही कोणी म्हणेल. पहिल्यास उत्तर असे की, एक उणीव आहे म्हणून दुसरी राखावी, हा न्याय नव्हे. दुसरा आक्षेप मात्र कायदा लिहितानाच ध्यानात घ्यावयास हवा. म्हणून हा नियम प्रथम बंद मोटारींपुरता असावा आणि दंड माफक असावा. आजारी जनावर तातडीने दवाखान्यात नेणाऱ्यास सूट असावी. साधन कोणते हे कायद्याने ठरवू नये. छातीस बसणारा पट्टा, पेटारा किंवा मागील भागातील जाळी, यांपैकी काहीही चालावे. गळ्यातील साखळी मात्र चालू नये, कारण धक्का बसताच तीच फास होते. जनावरास उठता, बसता व वळता आले पाहिजे, आणि लांबच्या प्रवासात थांबून त्यास पाणी मिळाले पाहिजे. अशा अटींनी १९६० च्या कायद्यातील करुणा आणि १९८८ च्या कायद्यातील दक्षता यांचा सांधा जुळेल.

तेव्हा असा कायदा असावा, असे आमचे मत आहे. तो कुत्र्यास बंधन घालणारा म्हणून नव्हे, तर सारथ्यास बांधून घेणारा म्हणून लिहिला जावा. लगाम अकस्मात तुटला तर स्मृतिकाराने क्षमा केली आहे. जो बांधावयाचा तो पट्टा आपण बांधलाच नाही, तर त्यास क्षमा कोणत्या आधाराने मागणार?